चुंबकाचें कुंपण आणि चपळ कण

सूर्याचा अग्नि भूतलावर आणून त्यावर वीज निर्माण करण्याची भाषा आमच्या वाचकांनीं पुष्कळ वर्षें ऐकिली आहे. इ. स. १९५५ च्या ऑगस्ट महिन्यांत जिनीव्हा येथें अणुशक्तीच्या शांततामय उपयोगासंबंधीं जी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिचे अध्यक्ष डॉ. होमी भाभा हे होते. अध्यक्षपदावरून बोलतांना त्यांनीं असें भाकित केलें कीं, हलक्या अणूंच्या मीलनापासून मिळणारी शक्ति नियंत्रित रीतीनें मोकळी करण्याचा मार्ग येत्या दोन दशकांत सांपडेल. त्या गोष्टीस आतां सात दशकें लोटलीं. खाडीच्या अलीकडे, वाशी-नेरुळच्या बाजूस राहणाऱ्या आम्हां लोकांस पलीकडच्या तीरावर ट्रॉम्बेची टेकडी रोज दिसते. तिच्या पायथ्याशीं असलेल्या अणुसंशोधन केंद्रास भाभांचेंच नांव आहे. नव्या मुंबईंतील कितीएक घरांतून माणसें तेथें कामास जात आलीं आहेत. तेव्हां ‘त्या भाकिताचें पुढें काय झालें?’ हा प्रश्न आमच्याकडे केवळ पुस्तकी नाहीं. तो जेवणाच्या पंगतींतही निघतो.

मोठ्या माणसाचा अंदाज फसला, एवढें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. तो कां फसला हें समजून घेणें त्याहून कठिण, पण अधिक हिताचें. कारणें अनेक आहेत. त्यांपैकीं एकच आज आम्ही घेतों. आणि तें असें कीं, ज्या कणांच्या जिवावर हा अग्नि तेवत राहावयाचा, तेच कण कुंपणांतील बारीकशा बिघाडानें बाहेर पळतात. विषय पदार्थविज्ञानाचा असला, तरी आमच्यासारख्या आयुष्यभर शब्द आणि धातु चालविणाऱ्या शिक्षकासही तो नीट कळावा इतका तो मुळांत सरळ आहे.

प्रथम मूळ क्रिया पाहूं. हायड्रोजनचे दोन जड भाऊबंद आहेत. एकाचें नांव ड्यूटेरियम, दुसऱ्याचें ट्रिटियम. यांचे अणुगर्भ अतिशय वेगानें एकमेकांवर आदळले तर ते एकजीव होतात व त्यांतून हेलियमचा एक अणुगर्भ आणि एक न्यूट्रॉन बाहेर पडतो. मोकळ्या झालेल्या शक्तीचे पांच वांटे केले, तर त्यांतील चार न्यूट्रॉन घेऊन जातो व एक हेलियमकडे राहतो. न्यूट्रॉनावर विद्युद्भार नाहीं. चुंबक त्यास अडवूं शकत नाहीं. तो सरळ भिंतींत शिरतो व तेथें उष्णता देतो. वीज निर्माण करावयाची ती या उष्णतेवर. हेलियमचा कण मात्र धनभारित असतो. त्यानें आंतच राहावें, आपला वेग हळूहळू भोंवतालच्या कणांस वांटून द्यावा आणि त्यांस तापलेलें ठेवावें, अशी सारी योजना आहे.

चुलीचा व्यवहार ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस हें अधिक सांगावयास नको. काडी ओढून पहिला जाळ आपण करावा. पण पुढचें लांकूड मागच्या निखाऱ्यानेंच पेटलें पाहिजे. दर घटकेला नवी काडी ओढावी लागत असेल, तर ती चूल कसली? येथें भांड्यास लागणारी आंच न्यूट्रॉनची, आणि निखारा हेलियमचा. निखारे चुलीबाहेर उडूं लागले, तर स्वयंपाक तर खोळंबतोच. शिवाय जेथें निखारा पडेल तेथें जमीनही जळते. या दोन्ही आपत्ति पुढें आपणांस भेटावयाच्या आहेत.

हा अग्नि सुमारे १५ कोटी अंश उष्णतेचा. इतक्या उष्णतेस पदार्थाचे अणु फुटून त्यांतील ऋण कण व धन कण निरनिराळे होतात. त्या अवस्थेस प्लाझ्मा म्हणतात. धातूच्या भांड्याच्या भिंतीस तो टेकूं देतां येत नाहीं. टेकला तर तो स्वतः विझतो व भिंतही खराब करतो. म्हणून त्यास अधांतरीं धरण्यासाठीं चुंबकाचें कुंपण योजिलें. संस्कृतांत चुंबकास अयस्कान्त, म्हणजे लोखंडास प्रिय असलेला, असें सुंदर नांव आहे. परंतु विद्युद्भारित कणाशीं त्याची वागणूक प्रियकराची नव्हे, लगाम धरणाऱ्याची असते. भारित कण चुंबकीय रेषेस आडवा जाऊं लागला कीं तो वळतो. आणि वेल काठीभोंवतीं चढते तसा तो रेषेभोंवतीं गिरक्या घेत रेषेच्याच वाटेनें पुढें जातो. रेषेला टोकें असलीं तर कण टोकांतून निसटतील, म्हणून रेषा वाटोळी करून टोकाला टोक जोडलें. तेवढ्यानेंही भागत नाहीं. नुसत्या वाटोळ्या रेषांवरून कण वर-खालीं घसरतात. म्हणून दोरीला देतात तसा या रेषांस पीळ द्यावा लागतो. पिळाच्या कुंपणाची ही कल्पना १९५० च्या सुमारास सोव्हिएत रशियांत इगोर टाम व आंद्रे साखारोव्ह यांनीं काढली, आणि त्या यंत्रास टोकामॅक हें नांव पडलें. आपल्या देशांत गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेंत १९८९ सालीं ‘आदित्य’ नांवाचा टोकामॅक सुरू झाला.

या जातीचें सर्वांत मोठें यंत्र फ्रान्सच्या दक्षिण भागांत उभारलें जात आहे. त्याचें नांव ईटर. लॅटिन भाषेंत या शब्दाचा अर्थ मार्ग असा आहे. आणि ज्यांनीं थोडें व्याकरण केलें आहे, त्यांस हें वाचून मौज वाटेल कीं, ‘जाणें’ या अर्थाचा जो आपला ‘इ’ धातु, ज्याचें ‘एति’ असें रूप होतें, त्याचाच हा लॅटिन शब्द सगोत्र आहे. सात भागीदारांच्या या कार्यांत भारत २००५ च्या डिसेंबरांत सामील झाला. यंत्रास बाहेरून वेढणारें सुमारे ३० मीटर उंचीचें पोलादी पात्र गुजरातेंत हजीरा येथें घडविलेल्या भागांनीं बनलें आहे. तेव्हां या मार्गाशीं आपला संबंध केवळ नांवाच्या धातूपुरता नाहीं.

आतां ज्याच्यासाठीं हा लेख मांडला, त्या चपळ कणाकडे वळूं. नुकताच जन्मलेला हेलियमचा कण सेकंदास सुमारे १३ हजार किलोमीटर धांवतो. भोंवतालच्या साध्या कणांपेक्षां त्याची शक्ति दोनशेपटीच्या घरांत असते. ईटरच्या कड्याचा मध्यपरीघ सुमारे ३९ मीटर आहे. म्हणजे रेषेच्या वाटेनें धांवणारा कण एका सेकंदांत तीन लक्षांहून अधिक प्रदक्षिणा घालील. चातुर्मासांत लक्ष प्रदक्षिणांचा नेम करणाऱ्या आमच्या वडील स्त्रियांस जें व्रत कित्येक महिने पुरे, तें हा कण सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यांत संपवितो! आणि त्यानें आपली ऊब वांटून शांत होण्यास मात्र सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. तेवढा काळ तो कुंपणाच्या आंत राहिला, तरच त्याचा जन्म कारणीं लागला.

साध्या कणाचें व या चपळ कणाचें वागणें भिन्न आहे. साधा कण इतरांवर वारंवार आपटतो. एका फेरींत त्यास मिळालेला लहानसा धक्का पुढल्या टकरींत पुसला जातो. चपळ कण क्वचितच आपटतो. म्हणून त्यास मिळालेला धक्का तो जणूं लक्षांत ठेवतो. साध्या कणाची गिरकी अर्धा सेंटिमीटरही रुंद नसते; याची सुमारे पांच सेंटिमीटर त्रिज्येची, म्हणजे तीन बोटांएवढी. त्यामुळें प्लाझ्मांतील बारीकसारीक खळबळ त्याच्या गिरकीच्या पोटांत विरून जाते व त्याला फारशी बाधत नाहीं. ही त्याची जमेची बाजू. उलट, यंत्राच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत पसरलेला, ठराविक ठेक्याचा विक्षोभ असेल, तर तो कितीही मंद असला तरी या कणास भोंवतो.

याचें मर्म माजघरांतील झोपाळ्यावर कळतें. झोपाळ्यावर थोराड गृहस्थ बसला असला, तरी लहान मूल एका बोटानें त्यास हालवूं शकतें. अट एवढीच कीं, दर वेळीं झोपाळा मागें येऊन परतूं लागतांच तें बोट लागलें पाहिजे. भलत्या वेळीं लावलेलीं शंभर बोटें एकमेकांस मारक होतात. वेळेवर लागलेलें एक बोट झोपाळा आढ्यास नेतें. यास शास्त्रांत अनुनाद म्हणतात. कणाच्या प्रदक्षिणेचा ठेका आणि विक्षोभाचा ठेका जुळला, कीं लक्षावधि फेऱ्यांत तेंच बोट त्याच जागीं लागत राहतें. मग मुख्य चुंबकबलाच्या सहस्रांशाएवढा किंवा त्याहूनही थोडा विक्षोभ कणास कुंपणाबाहेर काढावयास पुरेसा होतो.

विक्षोभ मुख्यत्वें तीन वाटांनीं येतो. पहिला बांधणींतला. कुंपण निर्माण करणारीं वेटोळीं सलग नसतात. ईटरमध्यें तीं १८ आहेत. वेटोळ्याखालीं बल किंचित् अधिक, दोहोंच्या मध्यें किंचित् उणें. म्हणून कणास रस्ता सपाट न लागतां उंचसखल लागतो. कांहीं चपळ कण पूर्ण प्रदक्षिणा न घालतां कड्याच्या बाहेरील अंगासच पुढें-मागें हेलकावे खातात, आणि त्यांच्या मार्गाची आकृति केळ्यासारखी दिसते. या केळ्याचीं टोकें दोन वेटोळ्यांमधील खळग्यांत सांपडलीं, म्हणजे कण तेथूनच घसरत भिंतीकडे जातो. यावर उपाय म्हणून यंत्राच्या दुहेरी भिंतींच्या मध्यें, वेटोळ्यांच्या खालच्या जागीं, चुंबकास ओढणाऱ्या जातीच्या पोलादाचे ठोकळे बसवितात. त्यांच्या योगानें चढउतार सौम्य होतो. न्यूट्रॉन अडविणारे आणि हे चुंबकधर्मी, असे दोन्ही मिळून सुमारे नऊ हजार ठोकळे पुरविण्याचें काम ईटरमध्यें भारताच्या वांट्यास आलें. चपळ कण आंत राहावेत म्हणून जी बारीक खटपट चालली आहे, तींत आपल्या कारखान्यांतील कामगारांचा हात आहे, ही गोष्ट आमच्या मतें पुरेशी सांगितली जात नाहीं.

दुसरा विक्षोभ चपळ कण स्वतःच उठवितात. स्वीडनचे हान्नेस आल्फ्वेन यांनीं १९४२ सालीं असें दाखविलें कीं, प्लाझ्मांतील चुंबकीय रेषा ताणलेल्या तारेसारखी असते. तिला छेडलें तर तिच्यावरून लहरी जातात. या विद्येबद्दल त्यांना १९७० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. टोकामॅकमध्यें या लहरींचा वेग हेलियमच्या जन्मवेगाहून थोडा कमी असतो. अर्थात् कण मंदावत असतांना एका क्षणीं त्याचा आणि लहरीचा वेग मिळतो. कण लहरीस शक्ति देतो, लहर वाढते, आणि वाढलेली लहर त्याच कणांस लोटून देते. दुसरा असाच प्रकार अमेरिकेंत प्रिन्स्टन येथील यंत्रावर १९८३ सालीं प्रसिद्धीस आला. तेथें बाहेरून चपळ कणांचा झोत आंत सोडला असतां चुंबकीय मापकावर जी रेघ उमटली, ती माशाच्या सांगाड्यासारखी दिसली. म्हणून त्या विक्षोभास ‘माशाचें हाड’ असेंच नांव पडलें. आमच्या शाकाहारी वाचकांनीं नांवास नांव म्हणूनच घ्यावें! या प्रकारांत वर सांगितलेलीं केळीं जी मंदगतीनें कड्याभोंवतीं फिरतात, त्या गतीचा आणि विक्षोभाचा ठेका जुळतो व कणांचे थवेच्या थवे बाहेर फेंकले जातात.

येथें कोणी म्हणेल कीं, मग विक्षोभ हा सर्वथा शत्रूच. त्याचें निर्मूलन करावें म्हणजे झालें. पण तिसरा प्रकार पाहिल्यावर हा पक्ष टिकत नाहीं. कारण तिसरा विक्षोभ शास्त्रज्ञ हेतुपूर्वक घालतात. उत्तम रीतीनें कोंडलेल्या प्लाझ्माच्या कडेस दाब सांचतो व तो अधूनमधून एकदम फुटून भिंतीवर उष्णतेचा तडाखा देतो. भाताच्या भांड्यावर झाकण गच्च बसविलें तर तें मधून मधून उडतें आणि पेज उतूं जाते, तसाच हा प्रकार. गृहिणी काय करते? झाकण किंचित् कलतें ठेवते. वाफ सतत थोडी थोडी जाते व उतूं जाणें टळतें. अमेरिकेंतील सॅन डिएगो येथील टोकामॅकवर २००४ सालीं हेंच करून दाखविलें गेलें. लहान वेटोळ्यांच्या योगानें कडेच्या रेषा मुद्दाम थोड्या विस्कटल्या आणि ते तडाखे थांबले. ईटरमध्यें अशीं २७ वेटोळीं, नऊ नऊच्या तीन ओळींत, बसवावयाचीं आहेत.

परंतु कलतें झाकण भाताला मानवलें, तरी फोडणीस मानवत नाहीं. मोहरी तडतडूं लागली म्हणजे त्याच फटींतून ती उडून हात पोळते. चपळ कण ही आपली मोहरी. कडेच्या रेषा विस्कटतांच हे कण अधिक संख्येनें निसटतात, असें जर्मनींत गार्चिंग येथील टोकामॅकवर भिंतीजवळ मापकें ठेवून प्रत्यक्ष मोजलें गेलें. मोहरी थोडीच आहे म्हणून तिकडे दुर्लक्ष करतां येत नाहीं. ईटरचें उद्दिष्ट ५०० मेगावॅट मीलनशक्तीचें आहे. तीपैकीं हेलियमचा पांचवा हिस्सा १०० मेगावॅट. समजा, त्यांतील शेंकडा पांचच बाहेर गेली, तरी ती पांच मेगावॅट होते. आणि ती साऱ्या भिंतीवर सारखी न पसरतां कांहीं मोजक्या जागीं पडते. अग्नि मंदावतो तो निराळाच. येणेंप्रमाणें एका रोगाचें औषध दुसऱ्या रोगाचें अपथ्य होऊन बसतें. आणि दोन दशकांचीं सात दशकें होण्याचें एक रहस्य या जातीच्या पेचांत आहे.

ह्या विषयाचें आमच्या नव्या मुंबईशीं आणखी एक नातें आहे. नवीन पनवेल येथें भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तेथें टोकामॅक नाहीं. पण जें तेथें अभ्यासितात, तो याच पिंजऱ्याचा निसर्गानें उभारलेला अवतार होय. पृथ्वीच्या चुंबकीय रेषांतही चपळ कण कोंडलेले आहेत. १९५८ सालीं अमेरिकेच्या उपग्रहांवरील उपकरणांनीं जेम्स व्हॅन ॲलन यांनीं त्यांचे पट्टे शोधून काढले. तेथेंही कणाच्या त्याच तीन गति: रेषेभोंवतीं गिरकी, उत्तर-दक्षिण हेलकावा, आणि पृथ्वीभोंवतीं मंद प्रदक्षिणा. सूर्यावरून आलेल्या आघातानें कुंपण हाललें, कीं तेथेंही लहरी उठतात, ठेके जुळतात, कांहीं कण आंत ओढले जातात आणि कांहीं वातावरणांत उतरतात किंवा बाहेर निसटतात. धन कण पश्चिमेकडे व ऋण कण पूर्वेकडे सरकत असल्यामुळें पृथ्वीभोंवतीं विजेचें एक वलय तयार होतें, आणि त्याच्या योगानें आपल्याकडील क्षैतिज चुंबकबल कांहीं काळ उणावतें. यासच चुंबकीय वादळ म्हणतात.

अशा वादळाची एक अत्यंत मोलाची नोंद मुंबईची आहे. कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ पासून चुंबकाचीं मापें नियमानें घेतलीं जात होतीं. १ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन यांनीं सूर्यावर एक तेजस्वी उद्रेक पाहिला. दुसऱ्या दिवशीं कुलाब्याचें क्षैतिज बल सुमारे १,६०० नॅनोटेस्ला इतकें, म्हणजे नेहमींच्या बलाच्या चार टक्क्यांच्या आसपास, खालीं गेलें. त्या काळीं तेथें आपोआप उमटणारी रेघ नव्हती. माणसानें डोळा लावून आंकडा वाचावा आणि वहींत लिहावा, अशीच रीत होती. तो आंकडा लिहिणाऱ्यास प्रोटॉन ठाऊक नव्हता, इलेक्ट्रॉन ठाऊक नव्हता, चुंबकीय रेषांत कण कोंडले जातात हेंही ठाऊक नव्हतें. पुढें नानाभाई मूस यांनीं १८४६ ते १९०५ पर्यंतचीं हीं मापें संकलित करून १९१० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. आणि २००३ सालीं, म्हणजे १४४ वर्षांनीं, लाखिना व ॲलेक्स या भूचुंबकत्व संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं त्सुरुतानी व गोन्झालेझ या परदेशीय शास्त्रज्ञांसह त्याच आंकड्यांवरून त्या प्रचंड वादळाचा हिशेब मांडला. त्या घसरणीपैकीं किती भाग वलयाचा व किती ध्रुवाकडून उतरलेल्या प्रवाहांचा, याविषयीं विद्वानांत वाद आहे. परंतु त्या दिवशींची कुलाब्याची नोंद जपलेली नसती, तर वाद घालावयासही आधार उरला नसता.

मुंबईंत विजेची ट्राम येणार असें ठरलें, तेव्हां तिच्या प्रवाहानें चुंबकाचीं मापें बिघडतील हें ओळखून १९०४ सालीं अलिबागेस दुसरी वेधशाळा उघडली व दोन्हीकडचीं मापें १९०६ पर्यंत एकाच वेळीं घेऊन मगच कुलाब्याचें काम थांबविलें. मुंबईंत विजेची ट्राम १९०७ सालीं धांवली. ती १९६४ सालीं बंद पडली. अलिबागेची नोंद अद्याप अखंड चालू आहे. १० मे २०२४ रोजीं जें मोठें वादळ झालें व ज्याचा तांबूस प्रकाश लडाखांत हानले येथील कॅमेऱ्यांनीं टिपला, त्याचा अभ्यास करणारांसही ही अखंड नोंद उपयोगी पडते. एक विक्षोभ टाळावा आणि दुसरा विक्षोभ ऐकावा, हा विवेक त्या वेळच्या मंडळींनीं दाखविला. टोकामॅकच्या शास्त्रज्ञांस आज नेमका तोच विवेक करावयाचा आहे: बांधणींतला विक्षोभ घटवावा, कणांनीं उठविलेला आवरावा, आणि मुद्दाम घातलेला मापानें घालावा.

हें मापानें घालणें साध्य आहे काय? गार्चिंगच्या व इतर ठिकाणच्या प्रयोगांवरून दिसतें कीं, आहे. वेटोळ्यांच्या वरच्या व खालच्या ओळींत प्रवाहांची जी मांडणी असते, ती बदलली म्हणजे विक्षोभाचा ठेका बदलतो. आणि कांहीं मांडण्यांत चपळ कणांची गळती बरीच उतरते. म्हणजे बोट लावावें, पण झोपाळ्याच्या वेळेस चुकवून लावावें. कडेचे तडाखेही थांबावेत आणि मोहरीही आंत राहावी, अशी मांडणी सर्व परिस्थितींत मिळेल कीं नाहीं, हें खुद्द हेलियमच्या अग्नीवरच ठरावयाचें आहे. आणि तो अग्नि पुरेशा प्रमाणांत चुंबकीय यंत्रांत अजून पेटलेला नाहीं.

किती पेटला आहे, तेंही खरेंखरें सांगितलें पाहिजे. इंग्लंडांतील ‘जेट’ या यंत्रानें १९९७ सालीं क्षणभर १६ मेगावॅटचें शिखर गांठलें, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें पांच-सहा सेकंदांत मिळून ६९ मेगाजूल शक्ति दिली. घरच्या वीजबिलाच्या भाषेंत ही १९ युनिटें झालीं. आणि त्यासाठीं प्लाझ्मा तापविण्यास याहून अधिक शक्ति खर्चावी लागली. तें यंत्र २०२३ च्या डिसेंबरांत कायमचें थांबलें. ईटरच्या २०२४ सालच्या नव्या वेळापत्रकाप्रमाणें त्याचें संशोधनकार्य २०३४ मध्यें सुरू व्हावयाचें व ड्यूटेरियम-ट्रिटियमचा प्रयोग २०३९ मध्यें. तें यंत्रही वीज विकण्यासाठीं नाहीं. शक्ति खर्चाच्या दसपट निघते काय, एवढें पाहण्यासाठीं आहे.

हे आंकडे वाचून कांहीं वडील मंडळी मान हालवितील आणि म्हणतील, मग यांत मुलांनीं आयुष्य कां घालावें? एखाद्या घरांत या प्रश्नास आज प्रत्यक्ष निकड असेल. मुलगी पदवीधर झाली आहे, तिला गांधीनगरास किंवा पनवेलीस संशोधनासाठीं जावयाचें आहे. दुसरीकडे लौकर पैसा देणारी नोकरी हातांशीं आहे. आणि तिच्या आज्यानें १९५५ चें भाकित ऐकलेलें असल्यामुळें त्याचा या विद्येवरचा विश्वास उडाला आहे. संसाराची अडचण खरी असेल, तर तिचा विचार अवश्य व्हावा. उपाशी पोटीं विद्या होत नाहीं, आणि घरचें कर्ज प्लाझ्मानें फिटत नाहीं. पण अडचण नसतां केवळ ‘फळ आमच्या डोळ्यांदेखत मिळणार नाहीं’ या सबबीवर तिला अडविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

कारण असें कीं, भाभांचें भाकित काळाच्या मोजणींत चुकलें. मार्गाच्या दिशेंत तें चुकलें असें अद्याप कोणी सिद्ध केलेलें नाहीं. मधल्या वर्षांत ज्ञान वाढलें नाहीं असेंही नाहीं. १९५५ सालीं चपळ कण कसा निसटतो हें नीट कोणास ठाऊकच नव्हतें. १९८३ सालीं तो निसटतांना दिसला. आज तो कोणत्या मांडणींत किती निसटेल, याचें गणित करून तें मापकाशीं ताडून पाहतां येतें. अडचणीला नांव मिळणें, मग माप मिळणें, मग तिच्यावर हात चालणें, हा क्रम प्रत्येक विद्येंत असाच असतो. कुलाब्यास चुंबकाचा आंकडा वहींत उतरविणाऱ्याला त्याच्या घरच्यांनीं कदाचित् विचारलें असेल कीं, ‘यांतून निघतें काय?’ त्याच्यापाशीं उत्तर नसणार. तरी त्यानें आंकडा चुकविला नाहीं, आणि उत्तर त्याच्या चौथ्या-पांचव्या पिढीच्या हातीं आलें.

मुलांस मात्र एक गोष्ट आपण घरींच शिकवावी. अमुक वर्षांत सूर्य घरांत आणूं अशी ग्वाही कोणी दिली, तर त्यास नम्रपणें विचारावें कीं, आपले चपळ कण किती टिकतात, आणि तें आपण कोठें मोजलें? ज्याच्यापाशीं माप आहे, त्याचें म्हणणें ऐकावें. ज्याच्यापाशीं केवळ वर्षांचा आंकडा आहे, त्यास चहा पाजून निरोप द्यावा. असो. या अग्नीच्या मार्गांतील दुसरें कारण, म्हणजे न्यूट्रॉनचा मारा सोसणारी भिंत, हिचा विचार पुढील अंकीं करूं.